मोटेवरचा हरण्या

"भाले घेऊन गाडीत चढायचं न्हाई, मॅडम!"

शिरूरच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने मला असं अडवलं आणि अख्खी गाडी खिडक्यांतून माझ्याकडे बघायला लागली. एका हातात बांबूच्या भाल्यांची मोळी, दुसऱ्या हातात पगोट्यांचं गाठोडं, काखेत लाकडी तलवारी. भाल्यांची टोकं थर्माकोलची आहेत हे मी त्याला पटवून देतेय तोवर दार आपटलं, डबल बेल वाजली आणि निमोण्याची गाडी निघूनसुद्धा गेली.

"अहो, थर्माकोल आहे! थर्माकोल!" मी गाडीमागे ओरडले.

"टोचंल म्हणून न्हाई भ्याला त्यो," मागून आवाज आला. "भाले घेतलेली बाई बघून भ्याला."

मी गर्रकन वळले. एका पिकअपला टेकून तो उभा होता. अंगात रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हसू दाबून धरलेलं. आणि पिकअपच्या हौद्यात एक पांढराशुभ्र बैल. बैलसुद्धा माझ्याकडेच बघत होता.

"तुम्हाला हसायला काय झालं?" मी म्हणाले.

"हसतोय कुठं? निमोण्याला सोडू का इचारतोय. म्या बी तिकडंच निघालोय. हरण्याला डॉक्टरकडं आणलं व्हतं."

मी दौंडची. रेल्वे कॉलनीत वाढलेली, गार्डसाहेबांची धाकटी. गर्दीच्या फलाटावर जागा मिळवायची ती हक्काने, मागे सरायचं नाही, हे आमच्या रक्तातच. म्हणून मी फार आढेवेढे न घेता पुढे जाऊन बसले. भाले खिडकीतून बाहेर काढले, गाठोडं मांडीवर घेतलं. शिरूर सोडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच माझ्या मानेवर गरम श्वास आला. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. हरण्याने त्यातून तोंड आत घातलं आणि गाठोड्यातल्या लाल पगोट्याचं टोक निवांत चघळायला घेतलं.

"अरे सोड! भाड्याचं आहे ते! ड्रेपरीवाला मला कच्ची खाईल!"

मी इकडून ओढतेय, तो तिकडून ओढतोय.

"त्यो सोडत न्हाई," गाडी चालवणारा शांतपणे म्हणाला. "आमच्या घरात कुणीच काय सोडत न्हाई."

त्याचं नाव विश्वजीत. पहिल्या शिफ्टला कंपनीत फिटर आणि दुपारनंतर बैलगाड्याचा वेडा. हरण्या आणि त्याचा जोडीदार मन्या, ही त्याची शर्यतीची जोडी. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. मग म्हणाला, "आन् तुमचं कसलं नाटक हाय?"

"नाटक नाही. इतिहासाचा तास आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणून मग सांगावं लागलं. निमोण्याच्या हायस्कूलमध्ये मी इतिहास शिकवते. पोरं सन पाठ करायची, तहाची कलमं पाठ करायची आणि पेपर झाला की सगळं पुसून टाकायची. यंदा मी ठरवलं, इतिहास घोकायचा नाही, करायचा. जात्यावर दळायचं, बोरूने मोडी गिरवायची, लोकरीचं सूत काढायचं, बंडी-पगोटं घालून त्या माणसांसारखं उभं राहून बघायचं. आणि वर्षाच्या शेवटी गॅदरिंगऐवजी गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर एक प्रसंग उभा करायचा. मोहिमेवर निघालेली पागा गावात येते, घोडी तहानलेली आहेत, आणि गाव मोट चालवून त्यांना पाणी पाजतं.

"पोरांना सगळ्यांनाच सरदार व्हायचं होतं," मी म्हणाले. "मी म्हटलं, यंदा सरदार कोणीच नाही. घोड्यावर कोण बसलं होतं ते पुस्तकात आहे. घोड्याला पाणी कोणी पाजलं ते आपण शोधू. ते तुमच्याच घरातलं कोणीतरी असणार."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "कुठली इहीर म्हणालात?"

"हौसराव आबांची. पण परवानगी मिळायची आहे अजून. म्हातारा फार खडूस आहे म्हणतात."

"व्हय, लय खडूस हाय," तो म्हणाला. "माझा आजा हाय त्यो."

मला तिथेच दार उघडून उडी मारावीशी वाटली. पण हा गडी खो खो हसत होता, आणि ते हसू... जाऊ दे. बरं होतं, एवढंच सांगते.

"परवानगीचं माझ्याकडं लागलं," तो म्हणाला. "आन् मोटंला बैल पायजेच ना? हरण्या-मन्या हायत की! मोट काय, इहीर वढून काढतील."

असा शब्द दिला त्याने. फुशारकीत दिला, पण दिला.

हौसराव आबा खडूस नव्हतेच. मोटेचं नाव काढलं आणि म्हातारा ताडकन उठून बसला. ते स्वतः पोरवयात याच विहिरीवर मोट हाकायचे. मग काय विचारता! विश्वजीतने ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची मोट शिवली.

"त्या काळी ताडपत्री नव्हती, चामडं होतं," मी म्हणाले.

"त्या काळी एवढी चिकित्सक गिऱ्हाइकं बी नसतील," तो सुई दातात धरून म्हणाला.

मी हसले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि सुई बोटात घुसवून घेतली. आबांनी मोटेचा दोर, म्हणजे नाडा, वळून घेतला, विहिरीच्या काठावर चाक बसवलं. मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यातली वर्षानुवर्षांची माती माझ्या पोरांनी उपसली. मुख्याध्यापक सर मात्र आधीच बोलून बसले होते, "अपेक्षा मॅडम, मोट चालली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी आपलं गॅदरिंगच बरं. पालकांना गाणी लागतात." त्यामुळे मोट चालणं मला भागच होतं.

आणि तालमीचा दिवस उजाडला.

मोटेचं काम असं असतं. विहिरीपासून एक उतार जातो, त्याला धाव म्हणतात. बैल त्या उतारावरून खाली चालत जातात, तसतशी भरलेली मोट वर येते. पाणी थारोळ्यात पडलं की बैलांनी उलट्या पावलांनी पुन्हा वर यायचं, म्हणजे मोट परत विहिरीत उतरते.

शर्यतीच्या बैलांना यातलं अर्धंच कळलं. नाडा जुंपला, विश्वजीतने पाठीवर नुसता हात ठेवला आणि हरण्या-मन्या जे सुटले! मोट विहिरीतून उडाली, चाकावर आदळली, आणि अख्खी मोट माझ्या डोक्यावर रिकामी झाली. बैल धाव ओलांडून कांद्याच्या वाफ्यात. पोरं हसून लोळायला लागली. मी निथळत उभी.

"मॅडम, तुम्हाला पाजलं बघा पाणी," विश्वजीत म्हणाला. पण मग तो हरण्याला मागे सारायला गेला आणि त्याचं हसू मावळलं. हरण्या तसूभर हलेना. ढकला, गोंजारा, दरडावा, नाही म्हणजे नाही.

आबा काठी टेकून हसत होते. "आरं, ह्याला मागचा गिअरच न्हाई! जन्मात कवा मागं सरकलाय का त्यो?"

"मग शिकवायचं," मी ओढणी पिळत म्हणाले. "त्यात काय?"

आबांचं हसू तिथेच थांबलं. मला वाटलं, माझं काही चुकलं का. शेवटी विश्वजीतच म्हणाला, "बैलाला एकदा माघार शिकवली ना मॅडम, की घाटातनं उठला म्हणायचा."

घाट म्हणजे शर्यतीचा चढ. आमच्याकडे मानतात, की मागे यायला शिकलेला बैल घाटात कधी ना कधी पाय मागे घेतोच. आणि चैत्रातल्या जत्रेला जेमतेम दोन महिने होते. गेल्या वर्षी विश्वजीतचा गाडा अगदी थोडक्यात हुकला होता. आबांच्या डोळ्यांदेखत 'घाटाचा राजा' हा मान दारात आणायचा, हा त्याने पण केला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला एकटीला.

"मग राहू दे," मी म्हणाले. "मोट नको. आम्ही बादलीने पाणी शेंदू."

"शब्द दिलाय."

"मी परत देते तुमचा शब्द!"

"शब्द म्हंजी भाड्याचं पगोटं हाय का, वापरलं आन् परत केलं?"

"अहो पण तुमचा बैल वाया जाईल! माझ्या एका तासासाठी! मला नको असले उपकार!"

"उपकार कोण करतंय?"

"मग काय करताय?"

तो काहीतरी बोलणार होता... पण नुसताच कानापर्यंत लाल झाला आणि बैल घेऊन निघून गेला. मीसुद्धा तणतणत घरी आले. रडूही आलं थोडं, खोटं कशाला सांगू? रागाचं होतं की कशाचं, ते तेव्हा कळलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी शाळा सुटल्यावर मी दोरखंड परत आणायला विहिरीवर गेले. लांबूनच पोरांचा आवाज ऐकू आला. सगळ्यांचा एक सूर.

"होऽऽ ये गड्या... मागं येऽऽ!"

माझा सगळा वर्ग धावेच्या कडेला ओळीने बसला होता. मधोमध हरण्या. त्याच्या तोंडासमोर विश्वजीत, कंपनीच्या शर्टातच, तळहातावर गुळाचा खडा. आबा सूर लावून देत होते, पोरं हाक घालत होती. आणि हरण्याने... एक पाय मागे घेतला. मग दुसरा. पोरांनी जल्लोष केला, गुळाचा खडा हरण्याच्या तोंडात गेला, आणि मग प्रत्येक पोराने आपापल्या खिशातून एकेक खडा काढला. घरोघरच्या गुळाच्या डब्यांवर दरोडा पडला होता.

"विश्वजीत!" मी ओरडले. "तुम्ही माझा वर्ग फितवलात?"

त्याने वळून पाहिलं. घामाघूम, आणि डोळ्यांत चोरी पकडली गेल्याचं हसू. "मोहीम म्हणली की फितुरी आलीच की, मॅडम."

"आणि घाट?"

"बघू घाटाचं घाटात."

त्यानंतर मी रोज जायला लागले. इतिहासाच्या बाईला तिच्याच वर्गापासून कोण लांब ठेवणार? आबा पोरांना नाडा कसा धरायचा, मोट भरली हे दोराच्या ओढीवरून कसं ओळखायचं ते शिकवायचे. मी वहीत उतरवायचे, आणि मध्येच वर बघायचे. तो नेमका तेव्हाच बघत असायचा. कधी मी त्याला पगोटं बांधायला शिकवायचे. त्याला ते एकदाही नीट जमलं नाही, आणि पुढे कळलं, मुद्दाम जमवून घेत नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पोरं घरी गेली, आबा गोठ्याकडे गेले. आम्ही दोघं थारोळ्याच्या काठावर बसलो होतो.

"त्या दिशी इचारलं व्हतं ना तुम्ही," तो म्हणाला, "उपकार न्हाई तर काय करताय..."

"हं."

"हे करतोय." त्याने उगाच एक खडा विहिरीत टाकला. "मला न्हाई येत लांबड लावायला. तुमी आमच्या घरात आलेलं मला आवडंल. कायमचं."

विहिरीतून खड्याचा आवाज आला. माझ्या छातीत त्याहून मोठा आवाज चालला होता. हो म्हणायला जीभ वळवळत होती, देवाशपथ. पण डोळ्यांसमोर हरण्या उभा राहिला. माझ्यापायी तो घाटात हरला, तर या घरात मी कुठल्या तोंडाने यायचं? जन्मभर लोक म्हणणार, हिनेच बैल नासवला.

"घाट होऊ दे," मी म्हणाले. "मग सांगते."

त्याला सगळं समजलं बहुतेक. तो नुसता "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळं निमोणे विहिरीवर लोटलं. माझी पोरं बंडी-धोतरात, पोरी नऊवारीत, डोक्यावर घागरी. पागा आली, भाले रोवले गेले, "पाणी आहे का गावात?" अशी आरोळी उठली. हरण्या-मन्या धावेवर उभे होते. आबांनी पगोटं सारखं केलं आणि हाक घातली. त्या वयात असा आवाज! बैल उतरले, रमतगमत, मोटेच्या बैलाने उतरावं तसे. नाडा करकरला, चाक फिरलं, मोट वर आली आणि भसाभसा पाणी थारोळ्यात पडलं. मग साऱ्या वर्गाने सूर धरला, "होऽऽ ये गड्या, मागं येऽऽ!" आणि गावाच्या डोळ्यांदेखत तो घाटाचा बैल उलट्या पावलांनी डौलात वर आला.

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. सत्तरीचे दोन आजोबा उठून मोटेला हात लावून आले. मग जो गलका झाला! सरदार व्हायला भांडणारी माझी पोरं आता मोटकरी व्हायला भांडत होती. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीही हेच करा." माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका. मी विश्वजीतकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो हरण्याच्या कानात काहीतरी सांगत होता.

आणि चैत्र आला. जत्रा आली.

घाटाच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत, वर मांडव, माइकवर पोपटराव. पोपटरावांचं निवेदन म्हणजे अर्धी जत्रा. दौंडला बाबांना फोनवर सगळं सांगून झालं होतं. ते म्हणाले होते, "सिग्नल तुझा तू बघ." मी देवाला नवस बोलले होते, हरण्या पळू दे.

विश्वजीतची बारी पुकारली. पुढे वाट दाखवायला घोडी, मग पुढच्या जोडीत हरण्या-मन्या, मागच्या जोडीत पाहुण्यांची बैलं. त्याने गुलाल कपाळाला लावला. एकदा, फक्त एकदा, गर्दीत मला शोधलं.

तेवढ्यात माझ्या मागून ओळखीचा सूर आला.

माझी पोरं आली होती. सगळीच्या सगळी, बंडी-पगोट्यात, आपल्या हरण्याला हिंमत द्यायला. त्यांना हरण्यासाठी एकच हाक येत होती. जी आबांनी शिकवली ती.

"होऽऽ ये गड्याऽऽ..."

"नको!" मी ओरडले. "अरे गप्प बसा!"

"...मागं येऽऽ!"

निशाण पडलं. घोडी बाणासारखी सुटली. आणि हरण्याने कान टवकारले, मान वळवली आणि डौलात एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. मन्यानेही घेतलं. मागची जोडी गोंधळून बसकण मारायच्या बेतात, पुढची जोडी उलट्या पावलांनी गुळाकडे. घोडी एकटीच घाटाच्या माथ्यावर पोचली आणि मागे वळून बघत राहिली.

"अररर!" पोपटराव माइकवर ओरडले. "निमोण्याच्या हरण्यानं रिव्हर्स टाकलाऽऽ! बारी बाद!"

घाट हसला. नुसता हसला नाही, गडगडला. माझ्या पोरांना आपण काय केलं ते कळलं आणि त्यांनी भोकाड पसरलं. पोरं रडतच खाली पळाली, मीही गर्दी फाडत मागोमाग धावले. काय बोलणार होते, देव जाणे.

विश्वजीत बैल सोडवून पोरांसमोर उकिडवा बसला होता. "रडायचं न्हाई," तो म्हणत होता. "तुम्ही हाक दिली, त्यो आला. शिकवलेलं इसरला न्हाई. आता त्याचा गूळ द्या त्याला." रडत रडत पोरांनी खिशांतून गूळ काढला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "माझ्यामुळे..."

"हरलो," तो उठत म्हणाला. हसत होता, पण डोळे माझ्यावरून हटत नव्हते. "आता काय म्हणता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात माइक करकरला. हौसराव आबा मांडवात चढले होते आणि पोपटरावांच्या हातातून त्यांनी माइक काढून घेतला होता.

"हसा," आबा म्हणाले. "हसून घ्या. ह्या घाटात पळणारी बैलं लय हायती. मोट वढून गावाला पाणी पाजणारा बैल कुणाच्या दावणीला हाय, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"एकच हाय. माझ्या दावणीला हाय." आबांनी काठी उंचावली. "आन् त्याला ज्या पोरीपायी माझ्या नातवानं शिकवलं, ती म्हणाली व्हती, घाट होऊ दे, मग सांगते. व्हय ना, मास्तरीणबाई? झाला घाट!"

हजारो माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी विश्वजीतकडे रागाने बघितलं. "तुम्ही आबांना सांगितलंत?"

"पोरांनी सांगितलं," तो पुटपुटला. "त्या संध्याकाळी समदी गोठ्यामागंच लपली व्हती."

वर्गाने माना खाली घातल्या. फितुरी दोन्ही बाजूंनी चालली होती तर! मला हसू यायला लागलं, डोळ्यांत पाणीही यायला लागलं, आणि भीती कुठल्या कुठे गेली. या माणसाने भर जत्रेत स्वतःचं हसं करून घेतलं होतं आणि त्याची मान तेवढीच ताठ होती. मी कसल्या तोंडाचा विचार करत बसले होते?

"मी म्हणाले होते घाट होऊ दे," मी मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जिंकू दे असं कुठे म्हणाले होते? हो आहे माझं! हो!"

पोरांनी पगोटी हवेत उडवली. पोपटराव माइकशिवायच ओरडले. मागे वाजंत्री सुरू झाली, आणि विश्वजीत गुलालाने माखलेला हात शर्टाला पुसत उभा राहिला.

तेवढ्यात माझा खांदा ओढला गेला. हरण्याने माझ्या नव्या साडीचा पदर तोंडात धरला होता आणि निवांत चघळत होता.

"सोड रे," मी म्हणाले.

"त्यो सोडत न्हाई."

"माहितीये. तुमच्या घरात कुणीच काही सोडत नाही."

"आपल्या घरात," विश्वजीत म्हणाला.

मी पदर ओढायचं थांबवलं.